केसभर फरक

शुक्रवार, ६ डिसेंबर

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. ही वही धाकटीने उन्हाळ्यात आणून दिली होती आणि आता स्वेटर बाहेर निघाले. वहीची माफी मागणं वेडेपणाचं आहे हे मला कळतं, पण पहिलंच पान आहे, कुणाची तरी माफी मागून सुरुवात केलेली बरी. वही देताना धाकटी म्हणाली होती, "बाबा, काळजी वाटली की यात लिहायची. मला दिवसातून एकदाच सांगायची, जेवताना." मी रागाने वही कपाटात टाकली. माझी शाळा चौथीत सुटली. पुढे जन्मभर भट्टीपाशी उभा राहिलो, हातात सांडशी धरली, पेन धरलं ते पगाराच्या दिवशी सहीपुरतं. मी काय लिहिणार?

पण आता काळजी जेवणाच्या वेळेत मावेनाशी झाली.

गोष्ट अशी. वर्कशॉपचे म्हातारे मालक यंदा घरी बसले आणि चावी त्यांनी धाकटीच्या हातात दिली. ज्या वर्कशॉपात मी भट्टीवाला होतो, तिथे आज माझी मुलगी मालकाच्या खुर्चीत बसते. म्हणजे बसत नाही, दिवसभर उभीच असते, पण खुर्ची तिची आहे. हे मी कोणाला सांगत फिरत नाही. सांगितलं ते फक्त न्हाव्याला, दूधवाल्याला आणि बँकेच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका माणसाला.

तर या पोरीने पहिलंच मोठं काम घेतलं आहे ते पाणीपुरवठ्याचं. टेकडीवरच्या अर्ध्या शहराला पाणी चढवणारा मोठा पंप आतून झिजला. त्याच्या बिडाच्या अंगात एक गोल भोक आहे, परातीएवढं. त्या भोकात गनमेटलचा, म्हणजे तांब्यात कथील मिसळलेल्या धातूचा, नवा बुश बसवायचा. बुश म्हणजे जाड, तांबूस पिवळं कडं. ते भोकापेक्षा जरासं मोठं असावं लागतं, माणसाच्या डोक्यावरचे दोन-तीन केस शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढंच. तरच ते आत गच्च धरून राहतं. सैल बसलं तर पंपाबरोबर गरगरेल आणि पंपाचं अंग खाईल. मध्येच अडकलं तर पंपाचं अख्खं अंग नवं मागवावं लागेल, आणि ते यायला उन्हाळा उजाडेल. तोवर वरच्या वस्तीचं पाणी शेजारच्या जुन्या पंपाच्या भरवशावर. तो पंप माझ्यासारखाच खोकतो.

मोठी वस्तू लहान भोकात कशी जाते हे मला कोणी शिकवायला नको. आम्ही बाहेरचा भाग तापवायचो, तो फुगला की आतला सोडायचो, गार झालं की मिठी बसली. धाकटीची आई लग्न झाल्यापासून मला एकच विचारते, लोखंड फुगलं तर भोक बुजायला हवं, मोठं कसं होईल? आज मी तिला म्हटलं, बरणीचं झाकण अडकलं की तू ते गरम पाण्याखाली का धरतेस? ती म्हणाली, "ते माझ्या आईने शिकवलंय, त्यात लोखंडाचा काय संबंध?"

पण धाकटी तापवणारच नाही म्हणते. पंपाचं अंग बिडाचं, जमिनीत रोवलेलं, आणि बीड एका बाजूने तापलं आणि दुसऱ्या बाजूने गार राहिलं की तडकतं. हे तिचं खरं आहे, असे तडकलेले तुकडे मी माझ्या हातांनी वेचले आहेत. म्हणून ती बुशच गार करणार. बर्फाने नव्हे, बर्फ ज्याच्यापुढे गरम म्हणावा अशा कसल्याशा द्रवाने. बुश आक्रसेल, भोकात उतरेल, आणि हवेच्या उबेने पुन्हा फुगून जागा धरेल.

म्हणजे सगळं उलटं. आम्ही जन्मभर आग घालून जे केलं ते ही आग काढून करणार.

सोमवार, ९ डिसेंबर

आज पंपघरात गेलो. धाकटीने गुरुवारी एकदा भोकाचं माप घेतलं आहे, पण तिची पद्धत अशी की माप दोन वेगळ्या दिवशी घ्यायचं आणि दोन्ही जुळली तरच विश्वास ठेवायचा. मला म्हणाली, "चला बाबा, दांडी तुमच्याकडे." दांडी म्हणजे मापाची पोलादी दांडी, आतलं माप घ्यायची. हातभरसुद्धा नाही, पण वर्कशॉपातली सर्वात महाग आणि सर्वात नाजूक वस्तू. ती माझ्याकडे दिली. घरात काचेचा पेला माझ्या हातात द्यायला हिची आई कचरते.

दांडीच्या पेटीची कडी तुटली आहे. धाकटीच्या स्कूटरवर मागे बसलो तर पेटी पिशवीत खडखडायला लागली. मी आपली दांडी काढून घेतली, मफलरच्या टोकात गुंडाळली आणि स्वेटरच्या आतल्या खिशात छातीशी धरली. वाटेत कडाक्याची थंडी होती, धुकं इतकं की समोरची गाडी दिसेना. दांडीला वाऱ्याचा झोतसुद्धा लागू दिला नाही. तान्हं मूल कोणी एवढं जपत नाही.

पंपघर म्हणजे गारठ्याची विहीर. पंपमास्तर टोपीवर टोपी घालून बसलेला. मुलगी बघून त्याने नाक मुरडलं आणि "मॅडम" म्हणाला, पण असं म्हणाला की त्यापेक्षा "ए पोरी" बरं. धाकटीने लक्ष दिलं नाही. जाड हातमोजे चढवून ती पंपाच्या खड्ड्यात उतरली, भोक पुसून स्वच्छ केलं आणि वर हात केला. मी स्वेटरमधून दांडी काढली आणि तशीच खाली दिली. एक क्षण उघड्यावर ठेवली नाही.

माप गुरुवारपेक्षा कमी आलं. भोक एका केसाने लहान.

तिने पुन्हा घेतलं. तेच. कपाळाला आठी घालून वर आली आणि स्कूटर सुरू केली.

मंगळवार, १० डिसेंबर

धाकटीने सकाळी वर्कशॉपात दांडी तपासली. तिथे काचेच्या खोलीत मापाचा एक ठोकळा असतो, त्याला लावून पाहतात. दांडी अगदी बिनचूक निघाली. मग भोक लहान कसं झालं?

वर्कशॉपातला लेथवाला, म्हणजे यंत्रावर धातू कातणारा, माझ्याच वयाचा. मी भट्टीवर होतो तेव्हाही तो लेथवरच होता. जीभ त्याच्या हत्यारापेक्षा धारदार. म्हणाला, "पंप श्वास घेतोय, दुसरं काय. गुरुवारी आत घेतला, काल सोडला." बुश त्याने कच्चा कातून ठेवला आहे, शेवटचा हात तेवढा मारायचा राहिला. भोक लहान म्हणून बुश लहान करायचा का, एवढंच तो विचारतो. धाकटी थांब म्हणते. तिचं म्हणणं, धातू सोलून काढता येतो, पुन्हा लावता येत नाही.

मला हे पटतं. पण पाणीपुरवठ्याचे लोक रोज फोन करतात.

शुक्रवार, १३ डिसेंबर

तिसरं माप. आज स्कूटरवर लेथवाला बसला, त्याला भोक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी दांडी घेऊन पायी टेकडी चढलो. या वयात. उशीर होऊ नये म्हणून भराभर चढलो, थंडीतसुद्धा घामाघूम झालो, पण दांडी छातीशी होती, सुरक्षित. पोचल्या पोचल्या धाकटीच्या हातात दिली. ती खड्ड्यात वाटच पाहत होती.

भोक आणखी लहान. सोमवारपेक्षाही.

धाकटी खड्ड्यातून वर आली आणि पंपमास्तराला विचारलं, पंपाचे बोल्ट कोणी आवळले का, अंगावर कुठून ताण पडतोय का. तो भडकला. इतकी वर्षं या पंपाची नाडी बघतो, मला न विचारता इथे झुरळ फिरकत नाही, म्हणाला. लेथवाला खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाला, "या हिशेबाने महिन्याभरात भोक बुजेल. मग बुश लागणारच नाही. काम फत्ते."

मी मात्र घाबरलो. खरं लिहितो, कारण वहीशी खोटं बोलून काय मिळणार. मला वाटलं, पोरीचाच हात थरथरतोय. पहिलं काम, डोक्यावर अर्ध्या शहराचं पाणी, हात थरथरणारच. मी पंपमास्तराला बाजूला घेऊन म्हटलं, जुन्या रीतीने हळूहळू तापवून बघितलं तर? सगळीकडून सारखी आग लावली तर बीड कदाचित सोसेल. त्याने टोपी मागे सारली. म्हणाला, "काका, आम्ही तिच्यावर शंका घेतो ते ठीक आहे, आमचं ते कामच आहे. तुम्ही पण?"

तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानंतर मी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि धाकटीकडेही नाही.

रविवार, १५ डिसेंबर

धाकटी कागदावर आकडे मांडते आणि खोडते. लेथवाला उद्या दुपारी बुशाला शेवटचा हात मारणार, शेवटच्या मापाप्रमाणे. ती हो म्हणाली आहे, पण मनातून नाही. मला कळतं. ती लहानपणी इंजेक्शनला हो म्हणायची तशी हो म्हणाली.

सोमवार, १६ डिसेंबर

आज जे झालं ते कसं लिहू. लाजेने अर्धा झालो आहे.

सकाळी धाकटीची आई कपडे धुवायला काढत होती. माझा स्वेटर उलटा करून आली आणि माझ्या नाकासमोर धरला. आतल्या खिशाला तेलाचा लांबट डाग. "अहो, हे काय? हा स्वेटर मी स्वतः विणलाय. छातीशी काय लोखंड धरून फिरता की काय?"

मी म्हटलं, लोखंड नाही, दांडी. पोरीची दांडी मी जपतो, पेटीची कडी तुटली आहे ना.

धाकटी चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला. फार हळू ठेवला. "बाबा, दांडी तुम्ही खिशात ठेवता? आतल्या?"

"छातीशी. थंडी लागू देत नाही."

"दोन्ही वेळेला?"

मी म्हटलं, हो, आणि तुझ्या हातात द्यायच्या क्षणापर्यंत. अभिमानानेच म्हटलं, देवाशप्पथ. तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग उठून मला घेऊन वर्कशॉपात गेली.

काचेच्या खोलीत तिने दांडी ठोकळ्याला लावली. बरोबर. मग माझ्या स्वेटरच्या आतल्या खिशात घातली आणि मला स्टुलावर बसवून वर्तमानपत्र दिलं. मी वाचलं काहीच नाही. चार पानं उलटून झाल्यावर तिने हातमोजे घालून दांडी काढली, लगेच ठोकळ्याला लावली आणि मला बघायला बोलावलं. दांडी वाढली होती.

म्हणजे भोक लहान होत नव्हतं. दांडी लांब होत होती. माझ्या छातीच्या उबेने पोलाद केसभर वाढलं, आणि टेकडी चढून घाम आला त्या दिवशी आणखी वाढलं. वाढलेल्या दांडीने मोजलं की भोक लहान भासणारच. धाकटी खड्ड्यात जाड हातमोजे घालून, तिला दांडी कोमट आहे हे कळणार कसं? वर्कशॉपात परत आणेपर्यंत दांडी निवलेली, म्हणून तपासणीत बिनचूक.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सदतीस डिग्रीचे आहात आणि पंपघर पंधराचं."

भट्टीत लोखंड वाढतं हे मी जन्मभर पाहिलं. लाल होतं, पांढरं होतं, फुलतं, हे मला झोपेत सांगता येईल. पण माझ्या बरगड्यांपाशीही ते वाढतं, आगीविना, रंगाविना, मुकाट, हे या वयापर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटायचं आग हीच काय ती उष्णता. मी स्वतः धडधडती भट्टी छातीत घेऊन फिरत होतो आणि वरून मफलर गुंडाळला होता.

लेथवाल्याने ऐकलं तेव्हा लेथ बंद केलं, हे त्याने कधी कोणाच्या लग्नालासुद्धा केलेलं नाही. म्हणाला, "भट्टीवाल्या, तुझी भट्टी बंद होऊन इतकी वर्षं झाली, अजून विझली नाही होय." मग धाकटीकडे वळून, आज दुपारी हात मारला असता तर बुश सैल गेला असता, बापाने बुडवलं असतं की तुला, असं म्हणाला. मला जमिनीत जावंसं वाटलं.

धाकटी म्हणाली, "काका, मापाबरोबर दांडीचं आणि पंपघराचं तापमान लिहायचं, हे मी शिकलेय. लिहिलं नाही. ती चूक माझी आहे, बाबांची नाही. आता हात चालवा, कडी आधी दुरुस्त करा."

लेथवाल्याने मुकाट कडी दुरुस्त केली. मी बघत होतो. त्याला असं मुकाट कोणी केलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हाताऱ्या मालकांनीसुद्धा नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

दांडी काल संध्याकाळपासून पंपाच्या भोकाशेजारीच ठेवली होती, पंपाइतकीच गार व्हावी म्हणून. सकाळी धाकटीने माप घेतलं, मी खड्ड्यापासून चार हात दूर, हात पाठीमागे बांधून. पहिल्या गुरुवारचं माप आणि आजचं माप एक. केससुद्धा इकडे-तिकडे नाही. धाकटीने पंपमास्तराची माफी मागितली, बोल्टांवरून संशय घेतला म्हणून. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, मनातून मी पण तुमच्यावर संशय घेतच होतो." पण तो पहिल्यांदा "ताई" म्हणाला.

घरी आल्यावर दूधवाल्याला सांगितलं की माप जुळलं. कशाचं, ते त्याने विचारलं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

बुश तयार. लेथवाल्याने असा गुळगुळीत केला आहे की त्यात चेहरा दिसतो. शनिवारी बसवायचा. आता लिहवत नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

सगळं लिहून ठेवतो, क्रमाने, विसरण्याआधी.

सकाळी तो द्रव आला. दुधाच्या कॅनसारख्या, पण पोट सुटलेल्या टाक्यांमधून. झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर येते आणि वर न जाता जमिनीवरून सरपटते. धाकटीने पंपघराची दारं-खिडक्या सताड उघडायला लावल्या, सगळ्यांना चष्मे आणि लांब हातमोजे. मला म्हणाली, थेंबसुद्धा अंगावर येऊ द्यायचा नाही, भाजल्यासारखं होतं. गारव्याने भाजतं. हेही आता ऐकलं.

पत्र्याच्या खोल टाकीत द्रव ओतला आणि बुश चेनकप्पीने हळूहळू आत सोडला. मी तयार होतो की काहीतरी अनोळखी, भलतंच दिसेल. आणि मला काय ऐकू आलं? लाल लोखंड पाण्यात बुडवल्याचा आवाज. तोच चरचराट, तोच खळखळाट, तेच उधाण. हुबेहूब. टाकी उकळत होती. मला क्षणभर कळेना की तापलेलं कोण. मग कळलं. त्या द्रवाच्या दृष्टीने आपला रोजचा बुश, ज्याला आपण गार म्हणतो, ज्यावर मी सकाळी हात फिरवला होता, तो लालबुंद होता. तो आपली ऊब टाकत होता आणि टाकी ती पिऊन उकळत होती. म्हणजे उलटं काहीच नाही. धाकटी तेच करते जे मी केलं, फक्त मी भट्टीच्या त्या बाजूला उभा होतो आणि ही या बाजूला.

हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. शेजारी पंपमास्तर होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, आता नको."

उकळणं हळूहळू मावळलं, आता थांबणार म्हणून मी मान डोलावली, शेवटी एक फुरफुर झाली आणि टाकी शांत झाली. धाकटीने हात वर केला. कप्पी चालली. बुश बाहेर आला तो धुरात गुंडाळलेला, खड्ड्यावर आला, खाली निघाला, भोकात शिरला आणि अडकला.

एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर, तिरका. कडेवर टेकून बसला.

असं आमच्याकडेही व्हायचं, आणि तेव्हा एकच उपाय असायचा. मी कधी उठलो आणि कधी हातोडा उचलला मला आठवत नाही. खड्ड्याच्या काठावर पोचलो होतो. प्रत्येक श्वासाला बुश हवेतून ऊब घेत होता, फुगत होता, आणखी थोडा वेळ गेला असता तर तिरकाच जन्माचा बसला असता. लेथवालाही ओरडला, "मार!"

धाकटीने वर बघितलंसुद्धा नाही. तिचा आवाज चढला नाही. "बाबा, हातोडा खाली ठेवा. कप्पी वर घ्या."

मी ठेवला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ठेवला नसता, पण तो आवाज माझ्या मुलीचा नव्हता, वर्कशॉपच्या मालकाचा होता. पंपमास्तराने साखळी ओढली. बुश कुरकुरला, हलला आणि सुटला. तिने तो पुन्हा टाकीत सोडला. पुन्हा चरचराट, पण या वेळी थोडकाच. तो उकळत असताना तिने बुश लटकवलेल्या तीन साखळ्यांचे लोखंडी आकडे तपासले. एक आकडा वळून आखूड झाला होता, त्यामुळे बुश कललेला. तो तिने बदलला, तो नसता बदलला तर पुन्हा तेच झालं असतं. मी असतो तर आकड्याकडे बघितलंच नसतं. मी मारत सुटलो असतो, गारठलेला बुश फुटला असता, किंवा भोकाची कड गेली असती.

दुसऱ्यांदा तो बाहेर आला, खाली गेला, आणि काही आवाज न करता आत उतरला. थेट तळाशी. तळाला टेकल्याचा एक बोथट ठोका तेवढा ऐकू आला.

आम्ही काठावर उभे राहून खाली बघत होतो. बुशावर दव गोठून पांढरी साय चढली, मग ती साय काळवंडली, पाझरली, आणि बुश ओला, तांबूस, आपल्या रंगाचा झाला. सगळं काम त्या वेळात आपोआप होत होतं. कोणी हात लावत नव्हतं, कोणी दाबत नव्हतं. नुसती पंपघरातली ऊब, ज्याला मी गारठा म्हणत होतो, ती आत शिरत होती आणि बुश भोकाला धरत होता. धाकटीने मग बुश आणि पंपाचं अंग या दोघांवर मिळून टोचणीने एकच रेघ ओढली. कधी बुश सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

पंपमास्तराने खड्ड्यातून वर यायला तिला हात दिला. "ताई, चहा," म्हणाला. आधी तिला, मग लेथवाल्याला, मग मला. मला शेवटी मिळाला, पण मला काही वाटलं नाही. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, चहाची गरजच नव्हती. तरी दोन कप घेतले.

सोमवार, २३ डिसेंबर

पंप जोडला, चालू केला. दिवसभर चालला, खोकला नाही. थांबवून बघितलं, रेघ अखंड. जुन्या पंपाला सुट्टी.

मी कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. न्हाव्याकडे गेलो, कटिंगची गरज नव्हती. तो म्हणाला, काका, डोक्यावर आहे तेवढं राहू दे. त्याला सांगितलं. मग टेकडी चढून वरच्या वस्तीत गेलो, सहज. एका घरासमोरच्या नळावर एक बाई बादली भरत होती. धार जोरात होती. मी उभा राहून बघत राहिलो तर ती म्हणाली, काय हवंय? मी म्हटलं, हे पाणी माझ्या मुलीने चढवलंय. ती म्हणाली, पाणी तर रोजच येतं.

रोजच येतं. यापेक्षा मोठी शाबासकी कुठल्या साहेबाने दिली असती? धाकटीला सांगितलं तर ती पुन्हा हसत बसली. आईलाही हसवलं. मला वाटतं त्या दोघी मला हसत नव्हत्या. किंवा हसत असतील, असोत.

सोमवार, ३० डिसेंबर

नवं काम आलं. नदीच्या मुखापाशी एक पूल आहे, मोठ्या बोटी आल्या की मधून उचलला जातो. त्याच्या खिळी बदलायच्या, एकेक खीळ माणसाच्या मांडीएवढी. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनीच धाकटीचं नाव सांगितलं. तिकडचे लोक तिला नावाने मागतात, वर्कशॉपच्या नाही. लेथवाला तिच्याबरोबर जाणार.

धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही पण चला. तुम्हाला आवाज ओळखता येतो. उकळणं कधी थांबणार ते माझ्या आधी तुम्हाला कळलं होतं, मी बघत होते."

मी म्हटलं, गुडघे दुखतात, प्रवास झेपायचा नाही. धाकटीची आई माझ्याकडे बघायला लागली. आठवड्याभरापूर्वी टेकडी चढून आलेले गुडघे हेच. मग ती ताटं उचलायला उठली.

तिकडे मी असलो तर धाकटी एक डोळा कामावर ठेवील आणि एक माझ्यावर. असं मला वाटलं म्हणून नव्हे, गुडघे खरंच दुखतात.

शुक्रवार, ३ जानेवारी

धाकटी काल गेली. जाताना बजावून गेली, काम चालू असताना फोन करायचा नाही, हात रिकामा झाला की मीच करीन. मी हो म्हटलं. आज सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो आहे आणि हात लावला नाही, याला धाकटीची आई साक्षी आहे. म्हणून इथे लिहितो. ही वही तू दिलीस, तेव्हा यात तुझ्याशी बोललो तर नियम मोडत नाही.

नदीवर वारा असणार. वाऱ्याने खिळी लवकर ऊब घेतील, उघड्यावर नेऊ नकोस, पुलाच्या आडोशाला टाकी ठेव. आकडे तिन्ही मोजून बघ. लेथवाल्याचं ऐकू नकोस, तो मार म्हणेल. अडकली तर वर घे, पुन्हा बुडव, लोक हसले तर हसू देत. हे सगळं तुला माझ्याहून जास्त कळतं, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

एक बसली तरी कळव. एकही बसली नाही तरी कळव. नुसतं "पोचले" असं कळवलंस तरी चालेल, ते काल कळवलंस, पण आजचं वेगळं. तुझी आई काळजीने अर्धी झाली आहे. ती आता खिडकीत बसून वाटाणे सोलते आहे आणि गाणं गुणगुणते आहे, पण मी तिला ओळखतो. तिच्यासाठी म्हणून तरी लवकर कळव.